ज्या परीक्षेत आपल्याला नापास केलं गेलं, ती आपण बंद का केली नाहीत? राष्ट्राध्यक्ष अलासान वातारा यांना खुले पत्र

प्रति,
माननीय राष्ट्राध्यक्ष अलासान वातारा,
आबिजान, आयव्हरी कोस्ट.

महोदय,

8 डिसेंबर 2025 रोजी आपण चौथ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतलीत. ऑक्टोबरच्या निवडणुकीत आपल्याला 89.77 टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं होतं. एवढ्या मोठ्या आकड्यानंतर अभिनंदनाच्या पत्रांचा ढीग पडतो, तसा तो आपल्याकडेही पडला असेल. हे पत्र त्या ढिगातलं नाही. 2010 साली आपण जिंकावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या एका माणसाचं हे तक्रारपत्र आहे.

मी आपला मतदार नाही, आपल्या देशाचा नागरिकही नाही. मी सिंधुदुर्गातला, कुडाळजवळच्या एका गावचा, काजूच्या धंद्यातला. पत्र मराठीत लिहितोय, कारण ते माझ्या लोकांनीही वाचावं अशी इच्छा आहे. आमच्याकडे आयव्हरी कोस्टचं नाव निघतं ते एकाच कारणाने: तिकडून स्वस्त काजूबी येते आणि आमच्या बागायतदाराचा भाव पडतो. त्या काजूबीच्या मागे एक देश आहे, त्या देशाचं राजकारण आहे आणि त्या राजकारणात माणसं मेली आहेत, हे इथे फारसं कुणाच्या गावी नसतं.

आधी माझा संबंध सांगतो, म्हणजे हा कोण आगंतुक असं कुणाला वाटायला नको.

2008 च्या हंगामापासून काही वर्षं मी आबिजानला होतो. एका खासगी कंपनीसाठी काजूबीची प्रत तपासणं हे माझं काम. पोत्यांतून नमुना काढायचा, बिया कापायच्या, गर किती भरला, किती काळा पडला, किती कुजला ते वेगळं करून वजन घ्यायचं, ओलावा बघायचा. गोदाम योपुगाँ या उपनगरात, पण माल उत्तरेचा: कोरोगो, ब्वाके, पूर्वेकडे बोंडुकू. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यांवर आमच्या चकरा सुरू. 2002 च्या बंडानंतर देशाचे दोन तुकडे झाले होते. ब्वाकेच्या अलीकडे सरकारची नाकी, पलीकडे बंडखोरांची. दोन्हीकडे पैसे द्यावे लागत, पावती कुठेच मिळत नसे.

माझ्याबरोबर गोदामाचा मुकादम असायचा. कोरोगोकडचा, मुसलमान, उत्तरेची जुला भाषा बोलणारा. माझा भारतीय पासपोर्ट शिपाई दोनदा उलटसुलट करत आणि परत देत. त्याचं ओळखपत्र हातात घेतलं की मात्र नाव वाचूनच त्यांचा सूर बदले. कागद खोटे आहेत, तू बुर्किना फासोचा आहेस, इथे काय करतोस? त्याचा जन्म आयव्हरी कोस्टचा, बापाचा जन्म तिथला, शेत तिथलं. एका नाक्यावर त्याचं कार्ड त्याच्यासमोर फाडलं गेलं आणि त्याने काही न बोलता तुकडे उचलून खिशात टाकले. पुढे गाडीत तो एवढंच म्हणाला, की देशाचा पंतप्रधान राहिलेल्या माणसाला हे लोक परका ठरवतात, तिथे मी कोण?

तो पंतप्रधान म्हणजे आपण. म्हणूनच हे पत्र आपल्याला आहे, दुसऱ्या कुठल्या राष्ट्राध्यक्षाला नाही.

मराठी वाचकासाठी आपली कारकीर्द थोडक्यात सांगावी लागेल. जन्म 1942 चा, दिंबोक्रो गावातला. शाळा तेव्हाच्या अपर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला अर्थशास्त्राची डॉक्टरेट, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत नोकरी, मग पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक मध्यवर्ती बँकेचं गव्हर्नरपद. 1990 च्या नोव्हेंबरात म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष उफुए-ब्वान्यींनी आपल्याला पंतप्रधान केलं. कोकोचे भाव कोसळलेले, तिजोरी रिकामी, आणि आपण आकडेमोडीत पक्के. 1993 च्या डिसेंबरात उफुए-ब्वान्यी गेले. संसदेचे अध्यक्ष आँरी कोनान बेदिए राष्ट्राध्यक्ष झाले आणि आपण वॉशिंग्टनला नाणेनिधीत परतलात.

मग सुरू झाला तो अस्सल आयव्हरियन कोण हा खेळ. 1994 च्या निवडणूक कायद्याने उमेदवाराचे आई-बाप दोघेही जन्माने आयव्हरियन असावेत अशी अट घातली. 1999 मध्ये आपण पॅरिसला असताना ओळखीचे कागद खोटे असल्याच्या आरोपावरून आपल्याविरुद्ध अटक वॉरंट निघालं. त्याच नाताळात जनरल गेईंनी बेदिएंना हाकललं, पण 2000 च्या नव्या घटनेतही आई-बाप दोघांची अट राहिली आणि सर्वोच्च न्यायालयाने आपली उमेदवारी बाद केली. पुढच्या दहा वर्षांत जे झालं त्याची मुळं अनेक आहेत, पण सगळ्यात जाड मूळ हेच. उत्तरेतल्या लक्षावधी माणसांना त्या निकालातून एकच अर्थ कळला, की आपण या देशाचे नाही.

कोण इथला आणि कोण बाहेरचा हा वाद मुंबईत राहिलेल्या कोणालाही ओळखीचा आहे. पण नाक्यानाक्यावर नाव वाचून माणूस बाजूला काढण्यापर्यंत तो कसा पोहोचतो, ते मी आपल्या देशात पाहिलं.

न्यायाने वागायचं तर एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. परदेशी लोकांसाठी रहिवास परवाना सक्तीचा झाला तो आपण पंतप्रधान असताना. शेजारी देशांतून पिढ्यान्‌पिढ्या येऊन राहिलेल्या माणसांची पोलिसांकडून अडवणूक त्यातून वाढली, आणि परवाना तपासण्याच्या नावाखाली उत्तरेतले आयव्हरियनही भरडले गेले. तो परवाना पुढे 2007 मध्ये आपले कट्टर विरोधक, 2000 पासून राष्ट्राध्यक्ष असलेले लोराँ बाग्बो यांच्या राजवटीत रद्द झाला. 1992 मध्ये मोर्चाच्या प्रकरणात त्याच बाग्बोंना तुरुंगात टाकलं गेलं, तेव्हाही पंतप्रधान आपणच होता. आपले समर्थक 1999 पासूनचा इतिहास सांगतात. तो थोडा आधीपासून सांगायला हवा.

2010 च्या निवडणुकीआधी आमच्या मुकादमाला नवं ओळखपत्र आणि मतदार कार्ड मिळालं. दुसऱ्या फेरीला, 28 नोव्हेंबरला, तो मत द्यायला गावी गेला. मतदान 80 टक्क्यांच्या वर झालं. निवडणूक आयोगाने आपल्याला 54.1 टक्के मतांनी विजयी घोषित केलं, आणि लगेच निवडणुकीवर शेवटचा शब्द असलेल्या घटना परिषदेने उत्तरेच्या सात विभागांतली मतं रद्द करून बाग्बोंना विजयी ठरवलं. त्या सातांत कोरोगो होतं. म्हणजे आधी त्याचं कार्ड फाडलं होतं आणि नवं कार्ड मिळाल्यावर मत.

पुढचे साडेचार महिने मी आबिजानमध्ये काढले. आपण गोल्फ हॉटेलात संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या पहाऱ्यात, बाग्बो राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी. फेब्रुवारीत मोठ्या बँकांनी शटर ओढलं, नेमका काजूचा हंगाम सुरू होत असताना. शेतकऱ्याला द्यायला रोकड नाही, आणि रोकडीशिवाय तिकडे पोतं हलत नाही. सीमेलगतचा माल घानाकडे गेला. 3 मार्चला आबिजानच्या आबोबो भागात मोर्चा काढणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, सात जणी मेल्या. योपुगाँमध्ये बाग्बोंच्या तरुण समर्थकांनी गल्लोगल्ली अडथळे उभारले. आमचा मुकादम गोदामातच राहू लागला, कारण घरापर्यंतच्या वाटेवर नाव विचारत होते. एप्रिलमध्ये शहरातल्या कोकोडी भागात लढाई पेटली, तेव्हा भारताच्या राजदूतांनाही सैनिकांच्या संरक्षणात घरातून बाहेर काढावं लागलं. 11 एप्रिलला बाग्बो पकडले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने तोवर तीन हजारांवर माणसं मेली होती.

आपण सत्तेवर आलात आणि आम्हाला वाटलं, आता हा खेळ संपला. ज्याला उंबऱ्यावर अडवलं होतं तोच घरात आला, आता निदान दुसऱ्या कुणाला तसं अडवलं जाणार नाही.

आपण केलेल्या कामाकडे मी डोळेझाक करत नाही. 2012 पासूनची सात-आठ वर्षं अर्थव्यवस्था दरसाल आठ टक्क्यांच्या आसपास वाढली. ट्युनिसला गेलेली आफ्रिकी विकास बँक आबिजानला परत आली. खाडीवर नवे पूल झाले. त्यातल्या 2014 मध्ये सुरू झालेल्या पुलाला आपण बेदिएंचं नाव दिलंत, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. (पुढच्या एका पुलाला आणि ऑलिंपिक स्टेडियमला आपलंच नाव लागलं, त्याबद्दल तसं वाटलं नाही.) काजूबी कच्ची परदेशी न पाठवता आपल्याच देशात फोडायचे कारखाने आपण वाढवलेत. त्यामुळे कोकणातल्या कारखान्यांना माल कमी आणि महाग मिळतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेतकऱ्याच्या देशातच गर काढला जावा हे योग्यच आहे.

तक्रारी वेगळ्या आहेत.

पहिली आणि मोठी तिजान तियाम यांची. 1962 साली आबिजानला जन्मलेला माणूस, बेदिएंच्या काळातला नियोजन मंत्री, पुढे लंडनच्या प्रुडेन्शियल या विमा कंपनीचा आणि मग क्रेडिट सुईस या स्विस बँकेचा प्रमुख. 2023 च्या डिसेंबरात तो उफुए-ब्वान्यींच्या जुन्या पक्षाचा अध्यक्ष झाला आणि आपल्या पक्षासमोर पहिल्यांदाच तोलामोलाचा उमेदवार उभा राहिला. घटनेनुसार उमेदवाराकडे दुसरं नागरिकत्व असता कामा नये, म्हणून मार्च 2025 मध्ये त्याने फ्रेंच नागरिकत्व सोडलं. एप्रिलमध्ये आबिजानच्या न्यायालयाने त्याचं नाव मतदार यादीतूनच काढून टाकलं. कारण काय, तर 1987 मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेतलं त्या क्षणी त्याचं आयव्हरियन नागरिकत्व आपोआप गेलं होतं, म्हणून यादीत नाव आलं तेव्हा तो नागरिकच नव्हता. ज्याचं नाव यादीत नाही, तो उमेदवार होऊ शकत नाही.

नागरिकत्वाच्या कायद्यात तसं कलम आहे, हे मला ठाऊक आहे. ते 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचं आहे. परदेशी शिकायला, कमवायला गेलेल्या आणि दुसरा पासपोर्ट घेतलेल्या आपल्या किती नागरिकांना ते लावलं जातं? बाकीचे मजेत येतात-जातात, जमिनी घेतात, मत देतात. तियाम यांनीच टोमणा मारला होता, की हा नियम सगळ्यांना लावायचा तर 2024 मध्ये जिंकलेला फुटबॉलचा आफ्रिकन चषक नायजेरियाला परत द्यावा लागेल. अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा सेबास्तियाँ हालेर फ्रान्समध्ये जन्मलेला. कायद्याच्या बारकाव्यात त्याची गोष्ट वेगळी निघेल, जन्माने मिळालेलं आणि मागून घेतलेलं नागरिकत्व एक नसतं. पण ती रात्र नाचून काढणाऱ्या आबिजानला टोमणा बरोबर कळला.

महोदय, तो न्यायालयाचा निर्णय आहे, माझा नाही, असं आपलं उत्तर असेल. 2000 साली आपल्यालाही हेच उत्तर मिळालं होतं. तेव्हाही निकाल न्यायालयाचा होता, कागदावर नियम होता, आणि आपल्या जुन्या नोकरीतले अपर व्होल्टाचे कागद पुरावा म्हणून नाचवले जात होते. तेव्हा आपण या नियमामागचा हेतू बघा असं जगाला सांगत होता, आणि आम्ही आपलं ऐकलं. 2016 मध्ये नवी घटना आणताना आई-बाप दोघांची अट आपण काढलीत, दोघांतला एक पुरेसा केलात. म्हणजे आपल्याला जी लागत होती ती गेली, आणि दुसऱ्याला लावता येईल ती राहिली.

दुसरी तक्रार मुदतीची. 2016 च्या घटनेत दोनच मुदतींची मर्यादा आहे. 5 मार्च 2020 रोजी यामुसुक्रोत संसदेपुढे आपण स्वतः सांगितलंत, की मी पुन्हा उभा राहणार नाही, नव्या पिढीकडे सूत्रं देणार. त्या भाषणाचं कौतुक सगळ्या खंडात झालं. जुलैमध्ये आपले वारसदार, पंतप्रधान आमादू गॉन कुलिबाली अचानक वारले. धाकट्या भावासारखा माणूस गेल्याचं आपलं दुःख खरं होतं, यात मला शंका नाही. पण महिन्याभरात आपण उमेदवारी जाहीर केलीत, आणि नवी घटना आली म्हणून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते असा अर्थ लावलात. विरोधकांनी बहिष्कार टाकला. आपल्याला 94 टक्के मतं मिळाली आणि त्या निवडणुकीच्या हिंसाचारात 85 माणसं मेली.

2020 ची अडचण अडचण म्हणून मान्य करू. 2025 ची कोणती? मधल्या पाच वर्षांत आपल्याकडे उपराष्ट्राध्यक्ष होते, एकामागून एक पंतप्रधान होते, संसदेत बहुमत होतं, संरक्षण खातं धाकट्या भावाकडे होतं. एवढ्या मोठ्या पक्षात दुसरा एक माणूस उभा करता आला नाही? 29 जुलै 2025 रोजी आपण सांगितलंत, की घटना परवानगी देते आणि तब्येत साथ देते. आता आपल्याला 84 पूर्ण झाली, मुदत संपेल तेव्हा आपण अठ्ठ्याऐंशीचे असाल. 2021 च्या जनगणनेत आपल्या देशाची लोकसंख्या 2 कोटी 94 लाख भरली आणि त्यातले चारातले तिघे पस्तिशीच्या आतले. आपण पंतप्रधान झालात तेव्हा यातले बहुतेक जन्मलेच नव्हते.

तिसरी तक्रार बाग्बोंबद्दल आहे, आणि ती मी लिहितोय याचं मलाच नवल वाटतं. 2011 चे ते महिने ज्यांच्यामुळे आमच्यावर आले त्यांच्याविषयी माझ्या मनात काडीची माया नाही. पण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्यांना 2019 मध्ये निर्दोष सोडलं आणि 2021 मध्ये अपिलातही तेच झालं. तरी मध्यवर्ती बँकेच्या शाखेतला पैसा बळकावल्याच्या खटल्यात देशातल्या न्यायालयाने गैरहजेरीत दिलेली 20 वर्षांची शिक्षा उरली. 2022 मध्ये आपण ती माफ केलीत, पण शिक्षा माफ झाली तरी गुन्ह्याचा ठपका जात नाही. म्हणून नाव यादीत नाही, म्हणून उमेदवारी नाही. गियोम सोरोंचं तेच. एकेकाळचे आपले पंतप्रधान, मग संसदेचे अध्यक्ष, आणि आपल्याशी फाटल्यावर शिक्षा, जन्मठेप, परागंदा. हे लोक राष्ट्राध्यक्ष व्हावेत असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना पाडायचं काम मतदाराचं होतं, आणि ते त्याच्याकडून काढून घेतलं गेलं.

8 सप्टेंबर 2025 रोजी घटना परिषदेने पाच नावं मंजूर केली. बाग्बो नाहीत, तियाम नाहीत. मोर्चांवर बंदी आली, शेकडो माणसं पकडली गेली, काहींना तीन-तीन वर्षांच्या शिक्षा झाल्या. मतदानाला निम्मे मतदार आले. 2010 साली जीव मुठीत धरून पाचातले चार आले होते. आपले 89.77 टक्के वाचताना हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

(आणखी एक, चालता चालता. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला कोकोचा हमीभाव किलोला 2,800 सीएफए फ्रँक जाहीर झाला, पूर्वी कधी नव्हता एवढा. काजूबीचा 2024 मध्ये 275 होता, 2025 मध्ये 425 झाला. जगात भाव चढे होते आणि शेतकऱ्याला त्यातला वाटा मिळाला, छान झालं. निवडणुकीचं वर्ष कुठल्याही देशात शेतकऱ्याला बरं जातं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको.)

चौथी तक्रार जुनी आहे. 2011 च्या मार्चअखेर पश्चिमेच्या द्वेकुए गावात शेकडो माणसं मारली गेली, आणि मारणारे बाग्बोंचे नव्हते. आपल्या नावाने लढणाऱ्या फौजा आणि त्यांच्याबरोबरचे पारंपरिक शिकारी होते. आमच्या कार्यालयात हिशेब लिहिणारी बाई त्या भागातली होती, तिचा मामा तिथे गेला. 2021 मध्ये अमादे उरेमी या टोळीप्रमुखाला जन्मठेप झाली. त्याच्या वरच्या एकाही सेनाधिकाऱ्याला शिक्षा झालेली नाही. 2018 मध्ये आपण सुमारे 800 जणांना माफी जाहीर केलीत आणि त्याला समेट म्हटलंत. मुकादम आणि ही बाई एकाच गोदामात काम करत. 2011 नंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची, आणि का ते त्याला माहीत होतं.

पाचवी शेजाऱ्यांची. 2023 मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा घटनात्मक व्यवस्था वाचवण्यासाठी आपण सैन्याची तुकडी द्यायला तयार झालात. त्याच नायजरमध्ये महामादू इसुफू 2021 मध्ये दोन मुदती पूर्ण करून घरी गेले होते. सेनेगलचे मॅकी साल बऱ्याच ओढाताणीनंतर का होईना, पण गेले. उलट गिनीचे आल्फा कोंदे आपल्यासारखेच 2020 मध्ये घटनेची मोजणी नव्याने सुरू करून तिसऱ्यांदा बसले, आणि वर्षाच्या आत सैनिकांनी त्यांना उचललं, तेव्हा राजधानीत लोक नाचले. कुठलाही सैनिकी उठाव मला मान्य नाही. पण रेडिओवर येऊन बोलणाऱ्या कॅप्टन-कर्नलांना ऐकणारे कान कोण तयार करतं, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

आता मागण्या.

ही मुदत 2030 मध्ये संपेल तेव्हा आपण उभे राहणार नाही आणि नवी घटना आणून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होणार नाही, हे आपण संसदेपुढे, लेखी, आत्ताच जाहीर करावं. 2020 चं भाषण तोंडी होतं, म्हणून या वेळी कागद हवा.

दुसरा पासपोर्ट घेतला की नागरिकत्व आपोआप जाण्याचं कलम बदलावं, किंवा ते सगळ्यांना सारखं लावावं. सगळ्यांना लावणं शक्य नाही हे आपल्यालाही माहीत आहे, म्हणून बदलावं. तियाम यांचं नाव यादीत परत घालावं आणि मतदार यादी दरवर्षी दुरुस्तीला खुली असावी.

बाग्बो आणि सोरो यांना उमेदवारी करता येईल असा माफीचा कायदा संसदेतून करावा. निवडणूक आयोगाची रचना विरोधकांशी बोलून बदलावी. ऑक्टोबर 2025 मध्ये ज्यांनी शांततेने मोर्चे काढले त्यांना सोडावं, आणि ज्यांनी जाळपोळ केली त्यांचे खटले उघड्यावर, वकिलासह चालावेत.

द्वेकुए आणि आबोबो, दोन्हींचे खटले पुढे न्यावेत. आबोबोच्या बायकांवर गोळ्या झाडणारे बाग्बोंचे होते म्हणून ते प्रकरण बोलायला सोपं आहे. द्वेकुएचं आपल्याला अवघड जाईल. गंभीर गुन्ह्यांना 2018 ची माफी लागू नाही, एवढं एक वाक्य कायद्यात आलं तरी त्या गावातल्या माणसांना न्यायालयात जाता येईल.

आणि माझ्या धंद्यातली एक छोटी. काजूबीचा हमीभाव जाहीर होतो तो शेतात मिळतो की नाही, हे बघायला हंगामाच्या पहिल्या महिन्यात आपली माणसं बोंडुकू आणि कोरोगोच्या आडगावांत पाठवा. तिथला तराजू काय तोलतो आणि हातात किती नोटा पडतात, ते व्यापाऱ्याच्या वहीत दिसत नाही.

मुकादमाशी माझं अजून फोनवर बोलणं होतं. 2010 आणि 2015 ला त्याने आपल्याला मत दिलं. 2020 ला दिलं, पण त्याबद्दल बोलला नाही. 2025 च्या ऑक्टोबरात तो मतदानाला गेलाच नाही. कार्ड आता कुणी फाडत नाही, हे तो आपल्या बाजूने दरवेळी सांगतो. त्याचा मुलगा मात्र तियाम यांच्या पक्षाच्या मोर्चाला जाणार होता आणि बापाने त्याला घरात कोंडलं, पोलिसांच्या भीतीने. या मुलाला 2030 मध्ये ज्याला हवं त्याला मत देता यावं, किंवा हव्या त्या माणसाविरुद्ध देता यावं, याची व्यवस्था करायला आपल्या हातात पाच वर्षांहून कमी काळ आहे.

या पत्राची फ्रेंच प्रत आपल्या दिल्लीतल्या दूतावासाला टपालाने पाठवत आहे. उत्तर आल्यास ते जसंच्या तसं इथेच छापीन.

कळावे,
आपला एक जुना समर्थक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग